त्याची चौदा पुस्तकं आणि तुझं एक

"ताई, मी तिशीला टेकलेय, पुण्यात आयटीत आहे. ऑफिसातला एक मित्र आणि मी, दोघंही फँटसी आणि सायफायचे वेडे, सारखी एकमेकांना पुस्तकं सुचवत असतो. त्याने मला 'व्हील ऑफ टाइम' घ्यायला लावलं, चौदा भाग आहेत. मी कशीबशी आठव्यापर्यंत आलेय आणि आता हातात धरवत नाही. मी त्याला एकच पुस्तक दिलं होतं, नारळीकरांचं 'यक्षांची देणगी', ते वर्षभर त्याच्या डेस्कवर पडलंय. विचारलं तर म्हणाला, मराठी सायफाय शाळेतल्या पोरांसाठी असतं गं. फार लागलं मला ते. तरी तो विचारतो तेव्हा मी 'भारी चाललंय' असंच सांगते. आमच्यात तसं काही नाहीये, पण ही मैत्री एकतर्फी आहे का?
— आठव्या भागात अडकलेली"

अगं बाई, आधी ते पुस्तक खाली ठेव. साधारण सातव्यापासून दहाव्यापर्यंत ही सिरीज रेंगाळते हे तिचे कट्टर फॅनसुद्धा मान्य करतात, त्या पट्ट्याला त्यांनीच 'स्लॉग', म्हणजे रखडपट्टी, असं नाव पाडलंय, तेव्हा तू बरोब्बर तिथेच अडकलीस जिथे भलेभले अडकलेत आणि यात तुझ्या वाचनाचा काही दोष नाही. पहिला भाग 1990 चा, लेखक रॉबर्ट जॉर्डन 2007 ला गेला, मग त्याच्या नोट्सवरून ब्रँडन सँडरसनने शेवटचे तीन भाग लिहिले आणि 2013 ला एकदाची गोष्ट संपली. संपली हे काय कमी आहे, 'गेम ऑफ थ्रोन्स'वाल्या जॉर्ज मार्टिनचे वाचक बघ, पाचवा भाग 2011 ला आला आणि सहाव्यासाठी बिचारे अजून बसलेत वाट बघत.

आता तुझा मित्र. चौदा भागांची सिरीज जो माणूस दुसऱ्याला देतो ना, तो नुसतं पुस्तक नाही देत, त्याला ते दिवस परत हवे असतात ज्या दिवसांत त्याने ती वाचली, आणि आपल्यासोबत ते जगणारं कुणीतरी हवं असतं. आणि तू त्याला सांगतेस भारी चाललंय. त्याला काय वाटणार, ही पण आपल्यासारखीच रमलीय! तू मधले भाग नुसते त्याच्यासाठी ओढलेस आणि त्याला याचा पत्ताच नाही, आणि मग मनातल्या मनात हिशोब मांडलास की मी इतकी हजार पानं वाचली आणि याने माझी दोनशे नाही वाचली. हा हिशोब त्याने कधी मागितलेलाच नाही गं.

म्हणून तो सुटला असं नाही हां. 'शाळेतल्या पोरांसाठी' हे वाक्य आगाऊ आहे, त्यावर मी त्याला सोडणार नाही. नारळीकरांनी 1974 ला मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' पाठवली ती नारायण विनायक जगताप या खोट्या नावाने, म्हणजे स्वतःची आद्याक्षरं उलटी करून, कारण केंब्रिजहून आलेला मोठा शास्त्रज्ञ म्हणून नको, गोष्ट म्हणून बघा. पहिलं बक्षीस मिळालं. असल्या माणसाचं पुस्तक न उघडता शिक्का मारायचा म्हणजे जरा जास्तच. अरुण साधूंसारख्या राजकीय कादंबरीकारानेही 'विप्लवा' ही विज्ञान कादंबरी लिहिली, ती काय पोरांसाठी?

पण एक सांगू, राग नको मानूस, तुझी निवडही चुकली. तुझ्या मित्राला जाडजूड काहीतरी लागतं, सुरुवातीला नकाशा, राजघराणी, तलवारी, जादूचे पक्के नियम. त्याला तू दिल्यास छोट्या विज्ञानकथा, ज्यात एक कल्पना घ्यायची आणि ती शेवटापर्यंत ताणून बघायची. पुरणपोळीवाल्याला ठेचा वाढलास तू. तुझं तुला आवडतं ते ठीक आहे, पण पुस्तक देताना समोरच्याने शेवटचं कुठलं पुस्तक रात्र जागून संपवलं आणि त्यात नेमकं काय आवडलं, हे आधी विचारायचं, नुसत्या 'मला सायफाय आवडतं' एवढ्यावर जायचं नाही. सायफायमध्ये काय नाही येत!

त्याने 'तुंबाड' बघितला असेलच. मग भयकथावाले नारायण धारप दे, त्या सिनेमाची प्रेरणा त्यांच्याच कथेतून आलीय हे सांग आणि बघ कसा सरसावून बसतो ते. नाथमाधवांची 'वीरधवल' पण आहे, शंभरेक वर्षांपूर्वीची अद्भुतरम्य कादंबरी, भाषा जुनी आहे पण चौदा भाग पचवणाऱ्याने कुरकुर करू नये. आणि नारळीकरच द्यायचे असतील तर अख्खं पुस्तक नको, पानिपतची लढाई मराठे जिंकले असते तर काय झालं असतं ही त्यांची गोष्ट नुसती तोंडी सांगायला घे, चहा पिताना, आणि अर्ध्यावर थांब. ती इंग्रजीत 'अॅडव्हेंचर' नावाने एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकातही आहे, त्यामुळे तो सीबीएसईवाला असेल तर परत म्हणेल बघ शाळेतलीच निघाली, तेव्हा हे आधी सांगू नकोस.

तुझ्यासाठी टेड चँगच्या कथा. 'अरायव्हल' सिनेमा ज्या कथेवरून आला ती त्याचीच, 1998 ची, तुला छोटं आणि डोक्याला खुराक देणारं हवंय ते अगदी हेच. आणि दोघांनी मिळून वाचायचं असेल तर उर्सुला ली ग्विनचं 'अ विझर्ड ऑफ अर्थसी', 1968 चं. त्यात नकाशा आहे, बेटं आहेत, जादूगारांची शाळा आहे, म्हणजे त्याची सोय झाली, आणि पुस्तक छोटंसं, म्हणजे तुझी. जादूचा नियम एकच, ज्याचं खरं नाव कळलं त्याच्यावर ताबा आला. एवढ्या एका नियमावर ती बाई काय काय उभं करते ते वाचच.

आता खरं काम. उद्या त्याला सांग, "मी आठव्यात थांबलेय, पहिले तीन-चार आवडले, नंतर तू विचारायचास म्हणून ओढत राहिले." बास, मोठी प्रस्तावना नको, आणि त्याच दमात नारळीकरांचा विषय काढू नकोस, नाहीतर ते भांडण होईल. तो बहुतेक हसेल आणि म्हणेल मी पण दहावा अर्धा गाळला होता. पुस्तकाचं दुसऱ्या दिवशी काढ, 'वाचणार नसशील तर परत दे, मला दुसरीला द्यायचंय'. अर्धवट सोडलेलं पुस्तक राग न मानता परत घ्यायचं हे दोघांनी ठरवून टाका. आणि खरं सांगूनही तो फुगलाच, महिनाभर अबोला धरला, तर मग मात्र तुझा एकतर्फीचा प्रश्न बरोबर होता असं समज.

बाकी 'आमच्यात तसं काही नाहीये' हे मी विचारलं नव्हतं हं.