'पास आउट' झालात की बेशुद्ध पडलात?

प्रश्न असा आहे: परदेशी कंपनीच्या मुलाखतीत 'आय पास्ड आउट इन 2019' म्हटल्यावर समोरच्या बाई गालातल्या गालात हसल्या. यात चुकलं काय?

व्याकरण ठीकच आहे. पण इंग्लंड-अमेरिकेत 'पास आउट' म्हटलं की आधी आठवतो तो शुद्ध हरपून पडलेला माणूस. उन्हाने, रक्त बघून, नाहीतर दारू जास्त झाल्याने. 'ही पास्ड आउट ऑन द सोफा' म्हणजे पिऊन सोफ्यावरच लुढकला. तेव्हा त्या बाईंना '2019 साली मी बेशुद्ध पडलो' असं ऐकू आलं असणार! (नशीब, 'पास्ड अवे' म्हणजे 'वारलो' असं नाही म्हणालात.) एक लक्षात ठेवा, नुसतं गरगरलं आणि भिंत धरून सावरलात, तर ते 'फेल्ट डिझी'. चक्कर येऊन पडलात, कसलंच भान राहिलं नाही, तरच 'पास्ड आउट'.

आपला अर्थही हवेतून आलेला नाही. लष्करी प्रशिक्षण पुरं करून बाहेर पडणं याला ब्रिटिश इंग्रजीत आजही 'पास आउट' म्हणतात. आपल्याकडे खडकवासल्याच्या एनडीएत होते ती 'पासिंग आउट परेड'च. 30 मे 2025 ला तिथून मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली, 17 जणींची. कॉलेजांपर्यंत शब्द याच वाटेने आला असावा. इथे आल्यावर त्याचं नामही झालं: '2022 पासआउट', 'पासआउट बॅच'. नोकरीच्या जाहिरातींत तर हे सर्रास दिसतं. मराठी बोलण्यातही 'पास झालो' म्हणजे परीक्षा सुटली आणि 'पासआउट झालो' म्हणजे कॉलेज सुटलं, असा सोयीचा फरक पडलाय. म्हणून याला चूक म्हणायला मी तयार नाही. भारतात खुशाल वापरा. बाहेरच्या रेझ्युमेत मात्र 'ग्रॅज्युएटेड इन 2019' लिहा.

अमेरिकेत आणखी एक अर्थ चालतो, वाटप करण्याचा. शिक्षिका वर्गात कागद वाटतात, ते 'पास आउट द पेपर्स'. 'पेपर्स'च्या जागी सर्वनाम आलं तर ते मधेच बसतं: 'पास देम आउट'. 'पास आउट देम' कोणी म्हणत नाही. बेशुद्धीच्या अर्थाला कर्म लागतच नाही, त्यामुळे बाई कागद वाटतायत की कोसळल्यात, हे वाक्यावरून लगेच कळतं.