सायकलच्या डाव्या पेडलचे आटे उलटे का असतात?

उजवे पेडल पान्याने सहज निघाले, पण डावे मात्र नेहमीच्या दिशेने फिरवल्यावर सुटण्याऐवजी अधिकच आवळले गेले, तेव्हा हा बनावटीचा दोष आहे का, असे तुम्ही विचारले आहे. दोष मुळीच नाही. डाव्या पेडलच्या दांडीला मुद्दाम डावे, म्हणजे उलटे आटे पाडलेले असतात, आणि अनेक वर्षे घरच्या सायकली स्वतः खोलून जोडत आल्यामुळे मला ही सायकलमधली सर्वांत विचारपूर्वक केलेली जोडणी वाटते.

बहुतेकांचा समज असा असतो की, पाय मारताना पेडलच्या आतल्या छऱ्यांच्या (बेअरिंगच्या गोळ्यांच्या) घर्षणाने दांडी फिरू पाहते आणि ती सुटू नये म्हणून आटे उलटे ठेवले आहेत. प्रत्यक्षात हिशेब केला तर घर्षणाचा ओढा नेमका सुटण्याच्या दिशेने असतो. उजव्या बाजूने पाहिले असता क्रँक, म्हणजे पेडल ज्याच्या टोकाला बसते तो दांडा, घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो, पेडल मात्र पायाखाली आडवेच राहते. म्हणजे क्रँकच्या दृष्टीने ते काट्यांच्या उलट फिरत असते आणि दांडीलाही त्याच दिशेने, म्हणजे उजवे आटे सुटतील अशा दिशेने, ओढत असते.

मग ते सुटत का नाही? दांडी कितीही आवळली तरी तिचे आटे आणि क्रँकच्या भोकातले आटे यांच्यात केसाएवढी फट राहतेच. पायाचा दाब बहुतांशी खालीच असतो, पण क्रँक फिरत असल्याने भोकाच्या दृष्टीने तो दाब कडेकडेने गोल फिरतो आणि त्याबरोबर दांडी भोकाच्या आतल्या कडेवरून किंचित घरंगळत जाते. टेबलावर बांगडी धरून तिच्या आत एक पेन्सिल उभी ठेवावी आणि ती आतल्या कडेला टेकवून गोल घरंगळवावी. पेन्सिल ज्या दिशेने कडेभोवती जाते, त्याच्या उलट दिशेने स्वतःभोवती फिरते. दांडीचेही असेच होते, आणि हा परिणाम छऱ्यांच्या घर्षणापेक्षा बराच प्रबळ असल्याने उजवी दांडी आवळत राहते. डाव्या बाजूला सारे आरशातल्यासारखे उलटे होते, म्हणून तिथे आटेही उलटे लागतात. छरे पूर्ण जाम झाले तर मात्र घर्षण वरचढ ठरते आणि पेडल सुटू लागते, जे पाय मुरगळण्यापेक्षा बरेच म्हणायचे.

उलटे आटे दिसले की प्रत्येक ठिकाणी हेच कारण असेल, असे मानू नये. वेल्डिंगच्या ॲसिटिलीन सिलिंडरची जोडणी डाव्या आट्यांची असते ती केवळ ऑक्सिजनची नळी चुकून तिला लागू नये म्हणून.

तुमची सायकल जुन्या धाटणीची असेल, तर क्रँक आसावर कॉटर पिनने बसवलेला असेल, आणि तिथे तत्त्व आट्यांचे नसून पाचरीचे आहे. पिनेची एक बाजू उतरती सपाट असते, ती आसावरच्या सपाट खाचेवर घट्ट रुतते आणि सारा भार तीच पेलते. टोकाचा नट पिन मागे सरकू नये एवढ्यापुरताच असतो. म्हणून पिन आधी हातोडीने ठोकून बसवावी आणि मगच नट आवळावा. नटानेच पिन ओढून घेण्याचा प्रयत्न केला तर बारीक आटे घासले जातात.

पेडल काढताना डावे-उजवे आठवत बसण्याची गरज नाही. पाना दांडीला वरच्या बाजूने लावावा आणि मागच्या चाकाकडे ओढावा. दोन्ही पेडले त्याच दिशेने सुटतात आणि पुढच्या चाकाकडे ओढल्यास आवळतात. बसवण्यापूर्वी दांडीवर कोरलेले ‘एल’ किंवा ‘आर’ हे अक्षर पाहून घ्यावे, आट्यांना ग्रीस लावावे आणि पहिले काही फेरे पान्याशिवाय, नुसत्या बोटांनीच द्यावेत. बोटांनी फिरत नसेल तर दांडी तिरकी लागली आहे. क्रँक ॲल्युमिनियमचा असल्यास तशा अवस्थेत पाना लावताच पोलादी दांडी भोकातले आटे कापून टाकते.