'फँटसी'ला मराठीत काय म्हणावे, आणि ते चर्चासत्र की परिषद?

प्रश्न असा आला आहे. एका महाविद्यालयाचा मराठी विभाग सायन्स फिक्शन आणि फँटसी या विषयावर दोन दिवसांचा कार्यक्रम घेतो आहे. निमंत्रणाचा मसुदा झाला आहे, पण शब्दांवर गाडी अडली आहे. सायन्स फिक्शनला विज्ञानकथा म्हणावे की विज्ञान काल्पनिका? फँटसीला चांगला मराठी शब्द आहे का? आणि कार्यक्रमाला परिषद म्हणावे, चर्चासत्र म्हणावे की परिसंवाद? मसुद्यातली काही वाक्येही सोबत दिली आहेत, त्यांच्याबद्दलही लिहिते.

आधी फँटसी, कारण खरी अडचण तिथेच आहे. मसुद्यात 'अद्भुतरम्य साहित्य' असे घातले आहे. शब्द कानाला गोड आहे, पण त्या घरात आधीपासून बिऱ्हाड आहे. मराठी कादंबरीचा इतिहास शिकलेल्या माणसाला अद्भुतरम्य म्हटले की लक्ष्मणशास्त्री हळबे यांची १८६१ची 'मुक्तामाला' आठवते, नारो सदाशिव रिसबूड यांची १८६८ची 'मंजुघोषा' आठवते. राजघराणी, कारस्थाने, ताटातूट, योगायोग आणि अखेर मीलन. १८५७च्या 'यमुनापर्यटन'मध्ये बाबा पदमनजींनी विधवांच्या दुःखाची वास्तव वाट धरली आणि पुढच्या दहा वर्षांत कादंबरी अद्भुतरम्याकडे वळली, ही मांडणी बी.ए.च्या वर्गात वर्षानुवर्षे चालत आली आहे. म्हणजे हा शब्द एका कालखंडाला आणि एका विशिष्ट प्रकारच्या कादंबरीला बांधलेला आहे.

याचा फटका कसा बसतो, ते मी एका चर्चासत्रात पाहिले आहे. एक तरुण अभ्यासक मुलगी अलीकडच्या फँटसी कादंबऱ्यांवर निबंध वाचत होती. शीर्षकात 'अद्भुतरम्य' होते. वेळ बारा मिनिटांचा. वाचन संपताच सत्राध्यक्षांनी विचारले, "यात मुक्तामाला कुठे आहे?" तिच्याकडे उत्तर नव्हते, कारण तिचा विषयच तो नव्हता. उरलेली सगळी चर्चा त्या एका शब्दावर गेली. एका कल्पित भूमीचा नकाशा तिने रंगीत पेन्सिलींनी काढून आणला होता. नद्यांची नावे तिथल्या दोन भाषांत कशी वेगवेगळी पडली आहेत, हे ती दाखवणार होती. तो नकाशा फाइलमधून बाहेर आलाच नाही. सत्राध्यक्षांचा प्रश्न त्यांच्या जागी रास्त होता. चुकला होता तो शब्द.

शिवाय त्या 'रम्य'चे काय करायचे? भयकथाकार नारायण धारपांची कथा रात्री वाचताना पाठीमागचे दार बंद आहे ना, हे वळून पाहावेसे वाटते. तिला रम्य कोण म्हणेल? 'कल्पनारम्य' हा पर्यायही म्हणूनच मला नको वाटतो.

'स्वैरकल्पना' हा शब्द समीक्षेत भेटतो. त्यावर माझा आक्षेप जास्त गंभीर आहे. स्वैर म्हणजे लगाम नसलेली. मराठीत तर स्वैराचारामुळे या शब्दाला एक डागही लागलेला आहे. पण चांगली फँटसी स्वैर नसतेच. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे लेखक टॉल्किन यांनी १९३९ साली सेंट अँड्र्यूज विद्यापीठात परीकथांवर व्याख्यान दिले. त्यात त्यांनी हेच बजावले होते की, कथाकार एक दुसरे जग उभारतो आणि तिथे जे घडते ते त्या जगाच्या नियमांना धरून असेल तरच वाचकाचा विश्वास टिकतो. नियम मोडला की विश्वास गेला. आपल्या आजीच्या गोष्टीतही राक्षसाचा जीव सातासमुद्रापलीकडच्या पोपटात असतो, आणि पोपटाची मान मुरगळल्याशिवाय राक्षस मरत नाही. सोय म्हणून आजी हा नियम कधी बदलत नाही. अशा शिस्तीला स्वैर म्हणणे अन्यायाचे आहे.

नुसते 'फँटसी' ठेवायला बोलण्यात हरकत नाही, सगळ्यांना कळते. पण रोजच्या मराठीत 'ती त्याची फँटसी आहे' म्हणजे मनातले मांडे. त्या शब्दाला पुढे प्रत्यय लावायला गेले की 'फँटसीकार', 'फँटसीपर' अशी अवघडलेली रूपे होतात. अभ्यासाला असा शब्द हवा की ज्याला फांद्या फुटतील.

तो शब्द मसुद्यात अर्धा आलेलाच आहे. त्यातले 'रम्य' काढा आणि 'अद्भुत' ठेवा. अद्भुतकथा, अद्भुत साहित्य, अद्भुतकथाकार, अद्भुताचा अभ्यास.

या शब्दाची ओढ मला का वाटते, ते थोडे सविस्तर सांगते. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात, एकशे सत्तराव्या सूक्ताच्या आरंभी 'न नूनमस्ति नो श्वः कस्तद्वेद यदद्भुतम्' असे म्हटले आहे. आज नाही, उद्याही नाही. जे अद्भुत आहे ते कोण जाणतो? या ऋचेवर यास्काने निरुक्तात, म्हणजे वैदिक शब्दांचे मूळ उलगडणाऱ्या प्राचीन ग्रंथात, अद्भुत शब्दाची फोड दिली आहे, 'अभूतमिव', म्हणजे जणू झालेच नाही असे. भाषाशास्त्राच्या दृष्टीने ही व्युत्पत्ती टिकते की नाही, हा वाद वेगळा. पण जे झालेले नाही त्याबद्दल लिहिणाऱ्या साहित्याला याहून नेमकी व्याख्या मी कुठे वाचलेली नाही. आज नाही, उद्याही नाही, तरी त्याबद्दल विचारावेसे वाटते, इथेच विज्ञानकथाही जन्मते आणि परीकथाही.

पुढे भरताच्या नाट्यशास्त्रात अद्भुत हा आठ रसांपैकी एक झाला. त्याचा स्थायिभाव, म्हणजे त्या रसाच्या मुळाशी असलेली भावना, विस्मय. म्हणजे 'वाचकाला काय होते' याचा विचार या शब्दात दोन हजार वर्षांपासून साठलेला आहे. समीक्षक तोदोरोव्ह यांनी १९७० साली फँटॅस्टिक साहित्यावर ग्रंथ लिहिला आणि वाचकाच्या मनातली दोलायमानता मध्यभागी ठेवली. घडले ते निसर्गनियमांत बसते की त्यांच्या पलीकडचे आहे, हे ठरत नाही तोवरचा तो क्षण. तुमच्याकडे कुणी विस्मय आणि ही दोलायमानता शेजारी ठेवून निबंध लिहिला, तर तो ऐकायला मी येईन.

आणि मराठीत हा शब्द उसना वाटत नाही. ज्ञानेश्वरीच्या अकराव्या अध्यायात, विश्वरूपदर्शनाच्या तोंडावर, ज्ञानदेव सांगतात की इथे 'शांताचिया घरा अद्भुत आला आहे पाहुणेरा'. शांतरसाच्या घरी अद्भुत पाहुणा आला आणि त्याच्या पंगतीला बाकीच्या रसांचाही मान झाला. त्याच ग्रंथात चार अध्याय आधी 'विज्ञान' हा शब्दही आहे, पण अर्थ निराळा. तिथे विज्ञान म्हणजे प्रपंचाचे ज्ञान. आज आपण ज्याला विज्ञान म्हणतो तेही या दृश्य पसाऱ्याचेच ज्ञान आहे, त्यामुळे तो अर्थ मला फार लांबचा वाटत नाही. तुमच्या कार्यक्रमाच्या नावातले दोन्ही शब्द असे एकाच ग्रंथात भेटतात.

आता विज्ञानकथा. इथे शंका नको, विज्ञानकथाच ठेवा. 'विज्ञान काल्पनिका' हा शब्द 'फिक्शन' जसेच्या तसे उतरवण्याच्या धडपडीतून आलेला दिसतो. मुळात इंग्रजी नावही एका दमात ठरलेले नाही. ह्यूगो गर्न्सबॅक यांनी १९२६मध्ये 'अमेझिंग स्टोरीज' मासिक काढले तेव्हा ते या प्रकाराला 'सायंटिफिक्शन' म्हणत होते, सायन्स फिक्शन नंतर रूढ झाले. बंगालीत लेखक अद्रीश बर्धन यांनी 'कल्पविज्ञान' शब्द घडवला, कल्पना आधी आणि विज्ञान नंतर. तो शब्द सुंदर आहे, पण आपल्याकडे वेगळा रुजला आणि त्यामागे माणसे आहेत. १९६६ साली स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांच्या स्पर्धा घेतल्या. १९७४च्या स्पर्धेत 'नारायण विनायक जगताप' या नावाने एक कथा आली. नावाची आद्याक्षरे उलटी वाचली की जयंत विष्णू नारळीकर. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीच्या हस्ताक्षरात पाठवली होती. तिला पहिले बक्षीस मिळाले. कथेचे नाव 'कृष्णविवर'.

त्या नावाशी क्षणभर थांबा. 'ब्लॅक होल' हा शब्द भौतिकशास्त्रज्ञ जॉन व्हीलर यांच्यामुळे १९६७च्या सुमारास सर्वतोमुखी झाला. त्यानंतर सात वर्षांत तो मराठी कथेच्या मथळ्यावर होता, आणि 'काळे भोक' म्हणून नव्हे. कृष्ण आणि विवर, दोन्ही शब्द आपले, दोन्हींना खोली. मराठी विज्ञानकथेने भाषेला दिलेले आणि रुळवलेले शब्द हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे. तुमच्या उपविषयांच्या यादीत तो दिसला नाही. कृपया घाला.

एक अडचण मात्र उरते. मराठी समीक्षेत 'कथा' म्हणजे लघुकथा, मग 'प्रेषित' किंवा 'वामन परत न आला' या नारळीकरांच्या कादंबऱ्या कुठे बसवायच्या? 'विज्ञानसाहित्य' म्हटले तर माहितीपर लेखही आत येतात. निमंत्रणात एकच वाक्य द्या: 'येथे विज्ञानकथा व अद्भुतकथा या शब्दांत कथा, कादंबरी, नाटक, चित्रपट व चित्रकथा हे सर्व अभिप्रेत आहे.' तेवढे पुरे. त्याने जी. ए. कुलकर्णींच्या 'रमलखुणा'तल्या 'इस्किलार'लाही दार उघडते. तिला रूपककथा म्हणून बाजूला बसवण्याची सवय मोडायला हवी. मतकरींच्या 'निम्मा शिम्मा राक्षस'सारख्या बालनाट्यालाही.

दोन शब्दांऐवजी 'अद्भुत' हे एकच छत्र का नको, असे तुम्ही विचाराल. बाहेर दोन्ही वाटा आहेत. १९७०मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या सायन्स फिक्शन रिसर्च असोसिएशनने विज्ञानकथेचे नाव धारण केले. १९८० साली फ्लोरिडात सुरू झालेल्या परिषदेने मात्र 'फँटॅस्टिक' हे छत्र घेतले आणि त्याखाली दोन्हींना बसवले. यास्काची फोड मानली तर मराठीतही तसे करता येईल. पण आपल्या विज्ञानकथाकारांनी विज्ञानाचा पाया पक्का हवा हा आग्रह पन्नास वर्षे धरला, तो नावात पुसला जाऊ नये असे मला वाटते. म्हणून 'मराठी विज्ञानकथा आणि अद्भुतकथा'. दोघांच्या सीमेवरच्या साहित्यासाठी एक सत्र राखा आणि त्याला 'अभूतमिव' असे नाव द्या.

सीमेवरून आठवले. विज्ञानकथेचे समीक्षक दार्को सुविन यांनी १९७९च्या ग्रंथात विज्ञानकथेचा प्राण म्हणून 'नोव्हम' ही संज्ञा वापरली आहे, म्हणजे कथेतली ती एक नवी गोष्ट जिच्यामुळे सारे जग बदलते. मसुद्यात तिला 'नवतत्त्व' केले आहे. अहो, 'नवल' म्हणा! लॅटिन नोव्हम आणि आपले नवल दोघेही 'नव'च्याच कुळातले. शिवाय अनंत अंतरकरांनी 'नवल' नावाचे मासिकच काढले होते. 'या कथेतले नवल कोणते?' असे विचारले की विद्यार्थ्याला सुविन लगेच कळतो.

कार्यक्रमाच्या नावाबद्दल थोडक्यात. 'परिषद' हा शब्द संस्थेलाही लागतो आणि कार्यक्रमालाही. साहित्य परिषद, जिल्हा परिषद, पत्रकार परिषद, गोलमेज परिषद. विज्ञानकथेच्या बाबतीत तर परिषद म्हटले की लोकांना मराठी विज्ञान परिषदच वाटेल. परिसंवाद म्हणजे एका प्रश्नावर तीन-चार वक्ते, तो दोन तासांत संपतो. दोन दिवसांत तुमचे दोन परिसंवाद होतील. एकूण कार्यक्रमाला चर्चासत्र हेच नाव योग्य. सत्र हा यज्ञातला शब्द. दीर्घकाळ चालणारा सोमयाग म्हणजे सत्र, आणि त्याचे वैशिष्ट्य असे की तिथे यजमान वेगळा आणि ऋत्विज, म्हणजे यज्ञ करणारे पुरोहित, वेगळे नसत. बसलेले सगळेच यजमान, सगळेच ऋत्विज, आणि म्हणून दक्षिणा नाही. महाभारत सांगितले गेले तेही जनमेजयाच्या सर्पसत्रात आणि नैमिषारण्यातल्या शौनकाच्या बारा वर्षांच्या सत्रात. गोष्टींवरच्या चर्चेला याहून जवळचा शब्द नाही.

आता मसुद्यातली वाक्ये. 'शोधनिबंधांसाठी आव्हान' असे छापू नका. बोलावणे ते आवाहन. आव्हान कुस्तीच्या फडात देतात. 'ॲबस्ट्रॅक्ट'साठी तुम्ही 'अमूर्त' लिहिले आहे. अमूर्त चित्र असते. इथे गोषवारा हवा. तो फारसीतून आलेला, जमाखर्चाच्या दफ्तरात मुरलेला शब्द आहे आणि तीनशे शब्दांत निबंधाचे सार मागायला अगदी नेमका आहे. 'विज्ञानकथेतील शिष्यवृत्तीचा आढावा' हे वाक्य यंत्राने भाषांतर केलेले दिसते. शिष्यवृत्ती म्हणजे विद्यार्थ्याला मिळणारे पैसे. तुम्हाला म्हणायचे आहे 'विज्ञानकथेच्या अभ्यासाचा आढावा'. 'बीजभाषण' बरोबर आहे, ते तसेच राहू द्या.

आणि फलक छापायला देण्याआधी 'अद्भुत'मधला उकार ऱ्हस्व आहे ना, ते स्वतः जाऊन पाहा. शेजारच्या भुतामुळे छापखान्यात तो नेहमी दीर्घ होतो.