रहस्यकथा आणि घरचा व्याप

प्रश्न : मला रहस्यकादंबऱ्या मनापासून आवडतात, परंतु मुलांचा अभ्यास, सासऱ्यांची औषधे आणि स्वयंपाक यांतून वाचन तुकड्यातुकड्यांनी होते. मधले दुवे विसरले जातात आणि शेवटी उलगडा होऊनही समाधान मिळत नाही. काय करावे?

उत्तर : तुमची तक्रार रास्त आहे, कारण गुन्हेगार कोण हे कळण्यापेक्षा, लेखकाने समोर ठेवलेला दुवा आपल्या नजरेतून कसा सुटला हे उमगण्यात या साहित्यप्रकाराचा खरा आनंद असतो. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज लेखकाने १९२९ मध्ये रहस्यकथेसाठी दहा नियम मांडले, त्यांतही तपास करणाऱ्याला सापडलेला दुवा वाचकापासून लपवू नये, अशी अट होती. तेव्हा पुस्तकात खुणेसाठी एक कोरा कागद ठेवावा आणि वाचन थांबवताना त्यावर एखादीच ओळ टिपावी : ‘माळी नऊ वाजता फाटकाशी, खोलीतला दिवा मात्र आधीच विझलेला.’ पुन्हा पुस्तक उघडाल तेव्हा एवढ्याने संदर्भ जुळतो.

शिवाय प्रकरण संपवूनच उठण्याचा हट्ट धरू नये. बहुतेक लेखक प्रकरणाच्या अखेरीस उत्कंठा मुद्दाम ताणतात, त्यामुळे पुस्तक खाली ठेवणे तिथेच सर्वांत अवघड जाते. फारच धावपळीच्या दिवसांत कादंबरीऐवजी एका बैठकीत संपणारी रहस्यकथा घ्यावी. मुले जाणती असतील, तर शेवटचे प्रकरण उघडण्यापूर्वी सारे दुवे त्यांना सांगून त्यांचा संशय कोणावर आहे, हे अवश्य विचारावे.