तेलंगणात डेमोला निघालेल्या पोरीला

पोरी,

तुझा मेसेज मिळाला. काकू, दुकानाच्या भांड्यांत शिजवून दाखवून ती विकायला पहिल्यांदा पैनगंगेच्या पलीकडे चालली, आदिलाबाद, इचोडा, निर्मल असा दौरा आहे, काय काय भरू, असं विचारलं तू. सोबत मालाची यादी पाठवली, कुकर इतके, तवे इतके, कढया इतक्या. यादी मी दोनदा वाचली. त्यात डाळ नाही, मीठ नाही, पाणी नाही, माचिस पण नाही. म्हणून एवढं लांबलचक लिहून राहिली.

गाडीत आधी शिजवायच्या सामानाची जागा धर, मग जागा उरेल तेवढाच विकायचा माल. सगळे जण उलटं करतात, दुकानदार तर मालच कोंबतो काहून की त्याले वाटते गाडी रिकामी काहून पाठवायची. पण बायका थांबतात ते कुकर उघडल्यावर वाफ निघते अन् आतली डाळ बोटानं दाबली की मऊ लागते तेव्हा. पहिल्या दिवशी डाळ कच्ची निघाली तर मागं चाळीस कुकर असले काय अन् चार असले काय. माल कमी पडला तर ऑर्डर लिहून घेता येते. गावातून गर्दी एकदा उठून गेली तर ती परत येत नाही बाप्पा.

डाळीचंच आधी सांगते. तुरीची डाळ आपल्या घरची ने, तिकडे विकत घेऊ नको. तिकडची वाईट असते असं नाही, पण जुनी डाळ शिजायला वेळ घेते अन् दुकानातली डाळ किती जुनी हे तुले कळणार नाही. घरच्या डाळीला किती शिट्ट्या लागतात ते निघायच्या आधी डेमोच्याच कुकरमध्ये, डेमोच्याच शेगडीवर शिजवून पाहून घे. दुसरं म्हणजे पाणी. बोअरचं जड पाणी असलं की डाळ शिजता शिजत नाही, हे आपल्या यवतमाळकडच्या बायांना कोणी सांगायला नको, तिकडे पण बऱ्याच गावांत बोअरचंच पाणी आहे. तर डेमोच्या पाण्यासाठी २० लिटरचा जार तिथे पोचल्याबरोबर विकत घे, भांडे धुवायला गावचं पाणी चालते. डाळ अर्धा तास भिजवून ठेव, थोडी हळद अन् चमचाभर तेल टाक म्हणजे फेस वर येऊन शिट्टीखालची नळी बुजत नाही. अन् डाळीला कुकर अर्ध्याच्या वर भरायचा नाही, कितीही मोठी गर्दी असू दे.

कुकर काहून लवकर शिजवते हे बायका विचारतात, पोट्टे तर हमखास विचारतात. उत्तर सोपं आहे. उघड्या गंजात, म्हणजे पातेल्यात, पाणी १०० अंशाला उकळते अन् त्याच्या वर जात नाही, खाली कितीही जाळ लाव. कुकरमध्ये वाफ कोंडली जाते, दाब वाढते, पाणी १२० अंशाच्या आसपास जाते. शिट्टी पुरी जोरात झाली की गॅस कमी कर अन् सांग की इथून पुढं मोठी आच ठेवली तर नुसता गॅस जळते. एवढं सांगितलं तरी ऐकणारीचा रोजचा गॅस वाचते, ती तुझा कुकर घेवो न घेवो.

आता तिकडे शिजवायचं काय. आपली भाजी-पोळी करून दाखवू नको. निर्मलकडे घरोघरी भात अन् टमाटर टाकलेला पप्पु असते, म्हणजे वरणच, पण त्यात फोडणीला लसूण, लाल मिरची, कढीपत्ता. आदिलाबादच्या खेड्यांत ज्वारीची भाकर बी चालते आपल्यासारखीच. नॉनस्टिकवर दोसा टाक. समोर बसलेली बाई मनातल्या मनात तिच्या चुलीवर तुझं भांडं ठेवून पाहत असते, तिच्या घरात जे शिजत नाही ते तुझ्या तव्यावर कितीही सुरेख निघालं तरी तिले काय करायचं त्याचं? तांदूळ मात्र तिकडचाच घे, त्याच बाजारातून, बायकांच्या समोर. तो त्यांच्या ओळखीचा असते अन् त्याला पाणी किती टाकायचं हे त्याच तुले सांगतील, सांगू दे, अन् त्या म्हणतील तेवढंच टाक.

भाषेचं टेन्शन घेऊ नको. बेला, जैनद ह्या आपल्या सीमेला लागून असलेल्या भागात मराठी चांगली चालते, म्हणून पहिला दिवस तिकडेच ठेव, हात बसेल. पुढे इचोडा, निर्मलला तेलुगू लागते. चार शब्द पाठ करून जा: नीळ्ळु म्हणजे पाणी, उप्पु म्हणजे मीठ, अन्नम म्हणजे भात, एंत म्हणजे किती. मोठ्या बाईला अक्का म्हण. बाकी भाव वहीत मोठ्या आकड्यांत लिहून समोर धर. अन् शक्य असेल तर त्याच गावच्या बचत गटातली एखादी बाई दिवसाच्या पैशावर सोबत घे, तिच्यासारखं बोलणं तुले महिनाभर शिकून पण येणार नाही.

सामान बांधायचं कसं हे नीट वाच. डेमोची पेटी वेगळी, तिच्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेव अन् त्यातलं एकही भांडं विकायचं नाही, गिऱ्हाईक कितीही मागं लागलं तरी नाही. त्या पेटीत शेगडी, लायटर, दोन माचिस, सराटा म्हणजे उलथणं, झारा, पळी, चाकू, एक गंज, डाळ-मीठ-हळद-तेलाचे घट्ट झाकणाचे डब्बे, जुन्या लुगड्याच्या चिंध्या, भांडे घासायचा साबण. अन् एक लहान डब्बी फक्त सुट्या पार्टची: कुकरची जास्तीची रबर, एक शिट्टी, एक सेफ्टी व्हॉल्व, हँडलचे स्क्रू, स्क्रू ड्रायव्हर. खेड्यातल्या रस्त्यानं गाडी इतकी हादरते की हँडलचे स्क्रू ढिले होतातच, पोचल्यावर पहिलं काम तेच, सगळे हँडल कसून घे. मग झाकण उजेडाकडे धरून नळीतून आरपार दिसते का पाहजो. दिसलं नाही तर बारीक तारेनं साफ करून परत पाहजो. रबर रोज रात्री काढून धुवून पसरून ठेव, झाकणात दाबून ठेवली तर तिचा आकार जाते अन् दुसऱ्या दिवशी बाजूनं वाफ निघते.

सुट्या पार्टची डब्बी मात्र तुझ्या अंगाजवळच्या बॅगेत ठेवजो, गाडीच्या ढिगाऱ्यात नको.

विकायचे कुकर एकात एक घालायचे असतील तर मध्ये पेपर टाक, झाकणं वेगळी. नॉनस्टिक तवे नुसते एकावर एक कधीच ठेवायचे नाहीत, प्रत्येक दोनच्या मध्ये कापड, काहून की ओरखडा पडलेला तवा कोणी घेत नाही अन् घेऊ पण नये. काचेची झाकणं उभी, तुझ्या कपड्यांच्या मध्ये. लोखंडी तव्याला तेलाचा हात फिरव. शेवटी लागणारं सामान आधी भर, आधी लागणारं सगळ्यात शेवटी, म्हणजे दार उघडल्याबरोबर डेमोची पेटी हाताला आली पाहिजे.

गॅसचं. ट्रेननं गेली तर सिलेंडर घेऊन डब्यात चढायचंच नाही, रेल्वे कायद्यात त्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. तिथे गेल्यावर ५ किलोचा छोटा सिलेंडर घे, इंडियन ऑइलचा छोटू नावाचा येते, ओळखपत्रावर मिळते, पत्त्याचा पुरावा लागत नाही. घरचा १४.२ किलोचा सिलेंडर स्टॉलवर लावायची परवानगी नाही. रेग्युलेटर दुकानातच लावून पाहून घे, अन् रोज सकाळी नळीला साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघ. पोरं स्टॉलला चिकटून उभी राहतात, म्हणून समोर सुतळी बांधून दोन हात जागा सोड.

इंडक्शन नेते म्हणली तू. नेऊ शकते, पण २००० वॅटची शेगडी ९ अँपियरच्या आसपास ओढते, मंडपात तुले बल्बचा ६ अँपियरचा सॉकेट मिळेल, त्यावर लावली की वायर तापणार नाहीतर सगळ्या लाईनीची लाईट जाणार अन् शेजारचे दुकानदार तुझ्या नावानं बोंबलतील. १६ अँपियरचा पॉईंट आहे का हे आधी फोनवर विचार, नसेल तर इंडक्शन घरीच ठेव. पण खिशात एक लोहचुंबक ठेवजो. बायका घरचं भांडं घेऊन येतात, हे इंडक्शनवर चालेल का म्हणून, तर चुंबक बुडाला घट्ट चिकटला तर चालते, नाही चिकटला तर नाही. हे त्यांना स्वतःच्या हातानं करू दे.

कागदांचा कंटाळा करू नको, वाटेत गाडी तपासली तर त्याचाच खोळंबा होते. ५०,००० रुपयांच्या वर किमतीचा माल राज्याबाहेर चालला की ई-वे बिल, म्हणजे माल नेण्याचा जीएसटीचा ऑनलाइन कागद, लागते, अन् ते साध्या गाडीला २०० किलोमीटरमागे एक दिवस चालते, म्हणून तारीख नीट पाहून काढ. माल कमी असला तरी चलान सोबत पाहिजेच. छोटा हत्ती, म्हणजे छोटा टेम्पो, करणार असशील तर त्याच्याजवळ तेलंगणात जायचे कागद पुरे आहेत का ते भाडं ठरवायच्या आधी विचार. तुझ्या दुकानदाराला एक गोष्ट आजच विचार, त्याचा जीएसटी कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या धंद्यांच्या सोप्या कराच्या योजनेत, आहे का? असेल तर त्याला दुसऱ्या राज्यात माल विकताच येत नाही, मग तू तिकडे त्याच्या बिलावर विकायला बसली तर निस्तरायचं कोणी? अन् नेहमीचा जीएसटी नंबर असला तरी तिथे स्टॉल लावून जागेवर विकायचं असेल तर त्या राज्याची तात्पुरती नोंदणी असते, कॅज्युअल टॅक्सेबल पर्सन म्हणतात, धंदा सुरू व्हायच्या कमीत कमी ५ दिवस आधी अर्ज करायचा, अंदाजाचा टॅक्स आधीच भरायचा, अन् ती जास्तीत जास्त ९० दिवसांची असते, पुढे वाढवून मिळते. तुमच्या बाबतीत नेमकं काय बसते हे त्याच्या सीएला विचारून कागदावर घे, तोंडी नको. अजून एक, स्टील-ॲल्युमिनियमच्या भांड्यांचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्के झाला, मिक्सरसारख्या विजेच्या वस्तूंचा १८ च आहे, तर जुनं छापलेलं दरपत्रक घेऊन जाऊ नको.

कुकरवर आयएसआयचा शिक्का अन् आयएस २३४७ हा कुकरच्या मानकाचा नंबर आहे का ते प्रत्येक पीसवर तपास, तो सक्तीचा आहे. बायकांना पण दाखव, अन् मोबाईलवर हा शिक्का देणाऱ्या सरकारी संस्थेच्या बीआयएस केअर ॲपमध्ये शिक्क्याखालचा लायसन नंबर टाकून खरा-खोटा कसा पाहायचा ते शिकव. मला ह्या धंद्यात सगळ्यात जास्त कशाचा राग येत असेल तर बिनशिक्क्याचा कुकर खेड्यात खपवणाऱ्यांचा. खेड्यातली बाई तो कुकर दहा-बारा वर्षं वापरते, लेकरं बाजूला खेळत असतात. तसंच नॉनस्टिकबद्दल खोटं बोलायचं नाही. कधीच खराब होत नाही असं सांगू नको. सांग की रिकामा तवा मोठ्या आचेवर तापत ठेवायचा नाही, कोटिंग २६० अंशाच्या पुढं खराब व्हायला लागते, लाकडी सराटा वापरायचा, तारेच्या घासणीनं घासायचं नाही, अन् चुलीवर तर ठेवायचाच नाही. ज्या घरी अजून चूल आहे तिथे लोखंडी तवा दाखव. स्वस्त पडते, कमिशन कमी मिळते, तरी तोच दाखव.

दिवस कधीचे धरायचे? आदिलाबाद आपल्यासारखाच कापसाचा पट्टा. दिवाळीनंतर कापूस विकून हातात पैसा येते अन् संक्रांतीचा सण तिकडे मोठा, म्हणून नोव्हेंबर शेवट ते जानेवारीची सुरुवात हे दिवस चांगले. पुढे पौष अमावास्येला केसलापूरला नागोबाची जत्रा भरते, गर्दी भरपूर, पण पहिल्याच दौऱ्यात जत्रा धरू नको. जत्रेत लोक उभ्या उभ्या पाहून पुढं जातात, डाळ शिजेपर्यंत कोणी थांबत नाही. आठवडी बाजार अन् बचत गटाची बैठक ह्या दोन जागा तुझ्यासाठी. बाजारात जागेसाठी ग्रामपंचायतीला आधी भेट. बैठकीला दुपारची वेळ माग, सकाळी बायका कापूस वेचायला जातात, संध्याकाळी स्वयंपाक असते.

मुक्काम आदिलाबादला किंवा निर्मलला, बसस्टँडजवळ, खोली आधी फोन करून अन् आत बाथरूम आहे ना हे विचारून. खेड्यातून दिवस मावळायच्या आधी निघायचं, चार कुकर कमी विकले गेले तरी चालेल. एका ओळखीच्या पोरीला तिच्या दुकानदारानं रात्रीच्या बाजारात एकटीला थांबवलं होतं, जास्त विक्रीच्या नादात, परत यायला गाडीच नाही. तुले कोणी असं सांगितलं तर सरळ नाही म्हणजो अन् मला फोन लावजो, मी बोलते त्याच्याशी.

रोज रात्री हिशोब झाल्याशिवाय झोपू नको: किती पीस निघाले, किती उरले, रोख किती, फोनवर किती. कोणी उधार मागितलं तर ह्या दौऱ्यात नाही, काहून की वसुलीला परत पैनगंगा ओलांडायला कोण जाणार. पण विकलेल्या प्रत्येक कुकरसोबत वॉरंटी कार्डवर तारीख अन् शिक्का मार अन् रबर कुठे मिळेल ते त्याच गावचं दुकान शोधून लिहून दे. निर्मल, आदिलाबादला मिळतातच, आधी एक फेरी मारून विचारून ठेव.

अन् उरलेला माल परत आणताना बी कागद लागतात, ५०,००० च्या वर असेल तर परतीचं ई-वे बिल वेगळं, ते दुकानदाराकडून कसं अन् कोण काढणार हे निघायच्या आधीच ठरव. आता नवीन यादी कर, वर डेमोची पेटी लिही, खाली माल, अन् फोटो काढून पाठव. शनिवारी घरी आहे मी, कुकर अन् शेगडी घेऊन ये, आपल्या अंगणात एकदा पुरा डेमो करून पाहू, शेजारच्या बाया बोलावते.

तुझी,
काकू