'जेवलास का?' की 'जेवण केलंस का?'

रात्री कुणाला फोन केला तर 'जेवण केलंस का?' म्हणावं की 'जेवलास का?', आणि 'जेवण खाल्लं' चालेल का, असा प्रश्न आला आहे. माझं मत स्पष्ट आहे: 'जेवलास का', 'जेवलीस का', मोठ्यांना 'जेवलात का'. एवढं नेटकं क्रियापद हाताशी असताना 'जेवणा'ला 'करणे' जोडायचं कारण नाही. 'जेवण खाल्लं' तर उघडउघड हिंदी 'खाना खाया'वरून आलंय. ते टाळावंच.

'जेवण करणे'ची आणखी एक अडचण आहे. मुंबई-कोकणाकडे बऱ्याच घरांत त्याचा अर्थ स्वयंपाक करणे असा होतो. 'वहिनी जेवण करतेय' म्हटलं की ती ओट्यापाशी आहे की पानावर, ते कळत नाही. 'जेवतेय' म्हटलं की शंकाच उरत नाही. 'जेवण झालं का?' मात्र सर्रास चालतं, आणि त्यात काहीही चूक नाही.

'जेवणे' म्हणजे नुसतं खाणं नव्हे. पोहे, वडापाव, आंबा आपण खातो. जेवायला पान वाढावं लागतं, त्यात पोळी-भाकरी नाहीतर भात लागतो. संकष्टीला दुपारी साबुदाण्याची खिचडी पोटभर खाल्ली तरी कुणी 'जेवलो' म्हणत नाही. चंद्रोदयानंतर उपास सोडला की म्हणतात.

मला या शब्दाचं खरं अप्रूप आहे ते व्याकरणात. 'तिने दोन भाकऱ्या खाल्ल्या' यात क्रियापद भाकऱ्यांप्रमाणे बदलतं. 'ती दोन भाकऱ्या जेवली' यात कर्म समोर असूनही क्रियापद तिच्याप्रमाणेच चालतं, आणि कर्त्याला 'ने' लागत नाही. भूतकाळात असं वागणारी सकर्मक क्रियापदं मराठीत थोडीच आहेत: ती साडी नेसली, तो गणित शिकला, मी नाव विसरलो. म्हणूनच 'त्याने जेवलं' कानाला खटकतं. हिंदीच्या सहवासात वाढलेल्या मुलांच्या तोंडी ते येतं, तेव्हा तिथल्या तिथे 'तो जेवला' असं सांगावं. मुलं पटकन उचलतात.

शब्दाचं मूळ संस्कृत 'जेमन'. गुजराती 'जमवुं', राजस्थानी 'जीमणो', कोकणी 'जेवप' ही त्याचीच भावंडं. यात वेळेचा अर्थ कुठेच नाही, म्हणून 'रात्रीचं जेवण' असं फोड करून सांगावं लागतं. रात्रीच्या जेवणाला 'व्याळू' असा जुना शब्द होता, हिंदीतल्या 'ब्यालू'सारखा. तो आता बोलण्यातून जवळजवळ गेला, याची हळहळ वाटते.

लिहिताना 'जेवून', 'जेवू' असंच लिहा. धातू 'जेव' आहे, 'धाव'सारखा. 'धावून' तसं 'जेवून'. 'खाऊन', 'जाऊन' यांत 'ऊ' येतो, कारण तिथे धातू 'खा' आणि 'जा' आहेत.