विद्यार्थी फेलोशिपला पहिल्यांदा जाताना

गणेशखिंडच्या विद्यापीठात नवीन आहेस आणि फेलोशिपला, म्हणजे ख्रिस्ती विद्यार्थ्यांच्या प्रार्थना आणि बायबल अभ्यासाच्या गटाला, जायचंय, तर नाताळच्या मोठ्या कार्यक्रमापासून सुरुवात नको; त्या गर्दीत कोणाशी धड ओळख होत नाही. आठवड्याची साधी सभा गाठ, दहा मिनिटं आधी पोच.

- गाणी येत नसली तरी चालतं. मोठ्याने प्रार्थना जमत नसेल तर गप्प बस, कोणी वाईट मानत नाही.
- खरी गोडी पाच-सहा जणांच्या बायबल अभ्यासगटात. आधी मार्ककृत शुभवर्तमान (बायबलमधलं येशूच्या जीवनावरचं पुस्तक) वाच: १६च अध्याय, चारही शुभवर्तमानांत सर्वांत लहान. उताऱ्यात काय लिहिलंय ते आधी, मग अर्थ, स्वतःला लागू करणं शेवटी. नवखे थेट शेवटावर उडी मारतात आणि उतारा बाजूलाच राहतो.
- दुसऱ्याची प्रार्थना-विनंती व्हॉट्सॲपवर टाकायची नाही. कधीच.

आणि फेलोशिप म्हणजे मंडळी (चर्च) नव्हे. रविवारची उपासना चुकवू नकोस.